खिशातला प्लग

"मीटर लावून दाखव," दिनेश पगारे म्हणाला. पुढं जे झालं ते या तीन शब्दांमुळं झालं. तेव्हा मात्र आपण फार हुशारीचं बोललो असं त्याला वाटलं.

अंबड लिंक रोडच्या आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर हायब्रीड गाडीची जुनी बॅटरी पडली होती. स्कूटरच्या बॅटरीसारखी नव्हे, दोघांनी धापा टाकत उचलावी एवढी. दिनेशच्या गाडीची बॅटरी मेली आणि ओझर विमानतळाची भाडी बंद पडली. नवी म्हणजे अर्ध्या गाडीची किंमत. म्हणून ही, पुण्याकडं ठोकलेल्या गाडीतून निघालेली.

"ठोकर पुढून बसली, दिनेशभाऊ. बॅटरी असते मागं. ओरखडा नाही," शेडवाला यादव म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. मीटर लाव."

यादवनं तोंड वाकडं करून झाकण उघडलं. पिशवीतून मुठीएवढा नारिंगी प्लग काढला आणि बॅटरीच्या कडेला खटकन बसवला. हा प्लग आत असला की सगळे सेल एकमेकांना जोडले जातात. काढला की साखळी मधेच तुटते. मीटरच्या तारा दोन टोकांना टेकल्या. दोनशे तीस.

"घरच्या बोर्डात असतं तेवढंच. एका टोकाला हात लागला तर काही नाही. दोन्हीला लागला की माणूसच मधली तार." यादव खिदळला.

दिनेशही हसला, आणि हसता हसता मधेच थांबला. त्याला बारकू आठवला. सायखेड्याचा थोरला चुलतभाऊ. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं झाकण उघडून एका हातानं काही चाचपत होता. बांधावरून कुणी हाक मारली. बारकू वळला, तोल सावरायला दुसरा हात लोखंडी पेटीवर टेकला, आणि संपलं. हाक मारणारा दिनेश होता, बारा वर्षांचा. जेवायला बोलवायला गेला होता. हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही.

भीती वाटते असं म्हणणाऱ्याला आपल्याकडं बायल्या म्हणतात. मेला की तोच बिचारा. मधल्या काळात रबरी हातमोजे कुणीही विकत आणत नाही. दिनेशनं पैसे मोजले. झाकण लागलं, बॅटरी टेम्पोत चढली.

पाथर्डी फाट्यावर राकेशच्या गॅरेजात दिनेशचे सासरे कोंडाजी आधीच येऊन बसले होते. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले.

राकेशनं गाडीतल्या मेलेल्या बॅटरीचा प्लग काढून बॉनेटवर ठेवला. कोंडाजींनी तो उचलला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

"काका, हे काय?"

"मशीनमध्ये हात घालायचा तर चावी खिशात. तीस वर्षं हेच केलं. दुसऱ्याच्या भरवशावर नाय."

"मग माझ्या खिशात पाहिजे ना!"

"तुझ्या खिशात गुटखा मावत नाय, हा कुठं मावंल? हातमोजे कुठंय?"

"फाटले. दिवाळीत मागवलेत."

"कोणत्या दिवाळीत?"

दिनेशला लाज वाटली. म्हातारा उगाच खुसपटं काढतोय. पण आतून त्याला बरंही वाटलं, कुणीतरी विचारतंय म्हणून.

मेलेली बॅटरी खाली उतरली. तिघांनी मिळून यादवकडची डिकीत चढवली. राकेशनं झाकण काढलं.

"दोन नट ढिले वाटतात. काका, प्लग खिशात?"

"खिशात!" कोंडाजींनी छातीवर थाप मारली.

राकेशनं उघडे हात आत घातले. डावा पंजा एका टोकाच्या नटावर टेकला. उजव्या हातात पाना, दुसऱ्या टोकाकडं निघालेला. दिनेश बाजूनं टॉर्च धरून उभा होता. उजेड कडेवर सरकला आणि त्याला नारिंगी दिसलं.

प्लग बॅटरीत होता.

खिशातला प्लग मेलेल्या बॅटरीचा. हिचा हिच्यातच, यादवनं बसवलेला, मीटरसाठी.

'राकेश' हा शब्द गळ्यापर्यंत आला. दिनेशनं दात आवळले. हाक मारली तर हा वळणार. वळला तर हात टेकणार. पाना वीतभर अंतरावर.

तो चहा सांगावा तशा आवाजात बोलला. "राकेश, वळू नको. उजवा हात आहे तिथंच थांबव."

"काय रे?"

"डावा उचल. सरळ वर. कशाला लावू नको."

"च्यायला, कसलं नाटक..."

"भावा, पाया पडतो तुझ्या. डावा."

राकेशनं डावा उचलला. मग उजवा. मागं सरला तेव्हा त्याला ते दिसलं. तो तसाच खाली फरशीवर बसला.

कोंडाजींनी खिशातला प्लग काढला. एकदा हा बघितला, एकदा तो.

"कोणी बसवला?" राकेशनं विचारलं.

यादवचं नाव घेऊन सुटता आलं असतं. "यादवनं. पण मीच म्हणालो, मीटर लावून दाखव. मग काढायला सांगायचं राहिलं."

"आकडा दिसला ना तुला?" राकेशचा आवाज चिरका झाला. "माझ्या पोरीला सांगितला असतास का, किती होता?"



राकेश उठला. एक हात पाठीमागं धरून दुसऱ्यानं त्यानं प्लग उपटला आणि दिनेशच्या पँटच्या खिशात कोंबला. "काकांचा नियम गेला खड्ड्यात. ज्याच्यामुळं मरणार होतो त्याच्याच खिशात राहू दे."

कोंडाजी रिक्षा करून हातमोजे आणायला गेले. ते येईपर्यंत कुणी बॅटरीजवळ फिरकलं नाही.

मग काम सुरू झालं. दिनेश मूठ खिशावर दाबून उभा राहिला. पाय भरून आले, तरी हलला नाही. तेवढ्यात त्याच खिशातला फोन थरथरला. बायकोचा असणार, जेवायला येताय ना म्हणून.

"घे की," राकेश आतूनच म्हणाला.

"नाही. तू तुझे हात बघ."

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.