मागावरचा हातभर ताणा

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे, आणि माझे एका अख्ख्या गावाशी वाकडे आहे. त्या गावाचे नाव पवनी.

१९६३ साली नागपूरच्या तांडापेठेत नत्थूजी विणकरांनी घरात खड्डा खणून मला बसवले. खड्ड्यात पाय सोडून ते विणत. माझ्यावरच्या लुगड्यांचे काठ पाहून गिऱ्हाईक मान डोलवी आणि मी फुलून जाई. पण त्यांच्या पत्नी तुळजाबाई सुताच्या कांड्या भरता भरता माहेरचा, म्हणजे पवनीचा विषय काढीत.

"आमच्या पवनीले गावाभोवती जुना कोट अजून उभा हाये जी. दरवाज्यातून आत गेलं का गल्ल्या कशा झाडलेल्या! घाटावर बसलं का जीव थंडा होते. इथं काय हाये? नळावरची लाईन अन् धूर!"

अहो, इथे मी आहे ना! पण मागाला खटखटीपलीकडे बोलता येत नाही. मग मी मुद्दाम धागा तोडी. हो, मत्सरच तो, लपवू कशाला? दिवाळीला दोघे पवनीला जात आणि परतल्यावर आठवडाभर घरात पवनीच नांदे. तिकडे कोटाचे कौतुक, आणि माझ्या लाकडाला वाळवी लागली तरी 'पाहू उद्या'!

१९७८ साली नत्थूजींची नजर मंदावली. तुळजाबाई म्हणाल्या, "आता पवनीलेच राहू जी." नत्थूजी 'हो' म्हणाले. जिंकली ती पवनी! मी जमिनीत रुतलेला, मला कोण नेणार?

मुलगा ईश्वरदास गिरणीत कामाला होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही गेले का माग मोडतो. कपाटाले जागा होईल."

शेवटचे लुगडे नत्थूजींनी कापून काढले, पण ताण्याचे उभे धागे हातभर माझ्यावरच ठेवले. नवा ताणा त्या टोकांनाच गाठी मारून जोडतात. पुन्हा विणायचे असेल तो विणकर माग कधी रिकामा सोडत नाही.

तुळजाबाईंनी ते धागे पाहिले. मला वाटले, आता ही कात्री मागणार. त्या मुलाकडे वळल्या.

"ईश्वर, पवनीचा कोट कोणी पाडला नाही, म्हून उभा हाये. याले बी पाडू नोको."

माझी वैरीण बोलत होती, मित्रांनो!

आज सहा वर्षे झाली. ईश्वरदास माझ्यावर ओले कपडे वाळत घालतो, पण त्याने मला मोडलेले नाही. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला घाईने हलवू नका. पवनीला गेलात तर तो कोट जरूर पाहा. फक्त तिथे फार रेंगाळू नका, आणि नत्थूजी भेटले तर सांगा, ताणा अजून तसाच आहे.