पोपटमाशाच्या काचेपुढे

दादाच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येऊ लागला, तेव्हा आमच्या डोंगरात नागली पिकून तांबूस झाली होती. पोशेरा गावच्या उतारावर वाढलेल्या या माणसाने तोवर समुद्र पाहिलाही नव्हता.

हिरूवहिनी बाळंतपणात गेली. जीप जव्हारच्या दवाखान्यात पोचण्याआधीच. बाळही राहिलं नाही. दादा रडला नाही. पाच वर्षांच्या सोमीला त्याने जव्हारला माझ्या खोलीवर ठेवलं. मी तिथे शाळेत शिकवते. आणि तो स्वतः मुंबईत एका मत्स्यालयात टाक्या धुण्याच्या कामाला लागला. महिन्याकाठी यायचा, लेकीसमोर नुसता बसून राहायचा. हेमंतातल्या सकाळच्या उन्हासारखा, ज्यात उजेड असतो पण ऊब पोचत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सोमीला घेऊन तिथे गेले. दादाने आम्हाला एका टाकीपुढे उभं केलं. आत पोपटमासा होता. हिरवागार, खवल्यांच्या कडांवर गुलाबी झाक. शेपटी जवळजवळ न हलवता, छातीजवळचे पर वल्ह्यांसारखे मारत तो संथ येई आणि चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा दगड खरवडे. काचेला कान लावला की ती करकर ऐकू येई. मागे पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन करड्या माद्या.

"दगड खातो आन् रेती हागतो," दादा म्हणाला. सोमी हसली, कितीतरी महिन्यांनी.

"झोपताना तोंडातून चिकट काढतो, त्याचंच पांघरूण करून पडतो. मंग हलत नाय."

"आन् मेला तं?" सोमीने विचारलं.

"नर मेला तं मोठी मादी रंग बदलते. हलूहलू हिरवी होते, नर होते. हा तसाच झाला, माझ्यासमोर."

सोमी बराच वेळ त्या माशाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग बाबा, तू का नाय झाला आई?"

स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच तो ऐकवेना. दादाने खिशातलं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसली.

आठवड्याभरात तो वळकटी घेऊन माझ्या दारात उभा होता.

"लेकीला नेतो घरी."

"जमेल का रे दादा तुला?"

"नाय जमत. शिकन."

शिकला. भाकरी, ताप, भांग पाडणं, सगळं. पण वहिनीचं नाव मात्र त्याने घेतलं नाही.

सोमी आता नऊ वर्षांची आहे. परवा गावी गेले तर दादा ओट्यावर तिची वेणी घालत होता. तिने मान न वळवता विचारलं, "आईचं केस लांब होतं?"

"होतं."

"कुठवर?"

दादाने तिच्या पाठीमागे हवेत, उभ्या वहिनीच्या कमरेच्या उंचीला हात धरला. सोमीने वळून पाहिलं. हात तसाच राहिला, डोळे कोरडे. काळ माणसाचा चेहरा नेतो, आवाज नेतो. त्याने नेलेलं माणूस कुठवर होतं, तेवढी उंची मात्र हवेत शिल्लक राहते.