निळी कवेलू

तार नव्हती, खटका नव्हता, आणि वस्तीची वीज तर दुपारपासूनच गेलेली होती. तरीही सौरनाथ महाराजांनी पांढरा बल्ब आपल्या तळहातावर टेकवला आणि तो पेटला. बालाघाटहून भरवेलीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या वस्तीत, शाळेसमोरच्या मैदानावर बसलेल्या गर्दीच्या तोंडून जो उद्गार निघाला, त्यात भक्ती किती आणि वीजबिलातून सुटण्याची आशा किती, हे वेगळे काढणे कठीण होते. मग महाराजांनी तोच बल्ब समोरच्या चौरंगावर ठेवलेल्या निळ्या, चंदेरी रेघांच्या एका कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलावर, टेकवला. तिथेही तो पेटला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. तरुणांनी मोबाइल काढले.

"पाहून राह्यले न?" महाराज म्हणाले. "हे सूर्यकवेलू! सूर्यनारायण याच्यात बारा महिने राह्यते. ढग आले तरी राह्यते, रात झाली तरी राह्यते. सूर्य कधी बिल पाठवते का? मीटर वाचाले सूर्य कधी तुमच्या दारात आला का?"

"नाई, बाबा!"

"कंपनीवाले म्हणते, प्लेट लावा, बॅटरी लावा, अर्ज करा. मी म्हणतो, श्रद्धा लावा! श्रद्धेले वायरिंग लागत नाई!"

शेजारी त्यांचा शिष्य गजेंद्र उभा होता: कपाळावर केशर आणि गळ्यात टाय. शिष्य आणि विक्रेता यांच्यातली सीमारेषा त्याच्या अंगावरून, टायच्या गाठीपाशी कुठेतरी जात असावी. "बुकिंग चालू है, माताजी. लाइन में आइए, धक्का मत दीजिए."

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर महाराजांची बदनामी विज्ञानाच्या खात्यावर जमा होईल. उन्हापासून वीज करणारी छपराची कौले खरोखर असतात. त्यांना ऊन लागते, तारा लागतात, जाणता कारागीर लागतो. रात्री ती स्वस्थ असतात आणि कोणाच्या शीलाची चौकशी करत नाहीत. महाराजांचे कौशल्य एवढेच की, त्यांनी आपले असत्य या सत्याच्या अगदी शेजारून उचलले.

मागणी नोंदवणाऱ्या घराला दोन अटी होत्या. पहिली, जुनी कवेलू स्वतःच्या हातांनी उतरवायची, कारण त्यांत पिढ्यांचा अंधार मुरलेला असतो. महाराजांचा ट्रॅक्टर ती नेऊन वैनगंगेत विसर्जित करणार. म्हणून ऐन जानेवारीत वस्तीतली घरे बोडकी झाली आणि त्यांच्यावर प्लास्टिकची ताडपत्री फडफडू लागली. दुसरी अट परीक्षेची. घरातल्या प्रत्येकाने बल्ब हातात धरायचा. ज्याच्या हाती पेटणार नाही, तो त्या घराचा अंधार. परीक्षेपूर्वी पुरुषांच्या तळहातावर पळीभर तीर्थ घालत आणि बायकांच्या तळहातांना भस्म चोळत. मागणी जिच्या नावावर असे, त्या बाईला मात्र तीर्थच मिळे. या नियमामुळे घराघरात अंधार निघाला, तो नेमका सुनेत किंवा लेकीत निघाला, आणि या विलक्षण योगायोगाचे कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

'का' असे विचारले फक्त एकीने. तिचे नाव रचना.

रचना खाणीतून निघालेला मँगनीजचा दगड हाताने निवडण्याचे काम करी. तिचा नवरा महेंद्र झेरॉक्सच्या दुकानात सावलीला बसे. सासू मैनाबाई घराची मालकीण, आणि मागणी तिच्याच नावाने. अंगणात महाराज आले तेव्हा अर्धी वस्ती कुंपणाला लोंबकळली होती. महेंद्रच्या ओल्या तळहातावर बल्ब पेटला. मैनाबाईच्याही पेटला. मग गजेंद्र भस्माचा डबा घेऊन रचनाकडे वळला.

"बाबा," ती म्हणाली, "यायले पानी अन् मले राख काहून?"

महाराज हसले. "पुरुष सूर्याचा अंश हाय, बाई राखेचा. तुले मालूम नसन, शास्त्राले मालूम हाय."

मी शाळेत संस्कृत शिकवतो. ते शास्त्र कोणते, हे मला अद्याप सापडलेले नाही.

कष्टाने जाड झालेल्या, राखेने माखलेल्या तिच्या तळहातावर बल्ब टेकवला. तो पेटला नाही.

"म्हनूनच पोटाले पोरगी आली!" कुंपणावरून किराणा दुकानवाल्याची बायको पुष्पलता म्हणाली. स्वतःच्या घरची मागणी तिने स्वतःच्या नावाने केली होती.

महाराजांनी शुद्धीची आज्ञा दिली. रचनाच्या तळहातावर कापूर ठेवून पेटवला. महेंद्रने तिचे मनगट धरले होते. आधार म्हणून, असे तो नंतर म्हणत असे.

"त्रास होते का?" महाराजांनी विचारले.

"हौ... हौ, बाबा!"

"मंग अंधार जळून राह्यला. त्रास नसता झाला तं समजलो असतो, अंधार लय खोल हाय."

या युक्तिवादाची बांधणी वाचकाने लक्षपूर्वक पाहावी: त्यात बाईला निर्दोष ठरण्याची जागाच ठेवलेली नाही. भाजलेल्या तळहाताला पुन्हा भस्म चोळले. बल्ब पुन्हा पेटला नाही. महाराजांनी निवाडा दिला की, ही घरात आहे तोवर त्या छपरावर सूर्य उतरणार नाही.

"थोडे दिवस गोठ्यात राह्य," महेंद्र जमिनीकडे पाहत म्हणाला. "कवेलू लागली का पाहू."

"अन् रीना?"

चार वर्षांची रीना आजीच्या लुगड्यामागे उभी होती. "पोरीले हात लावाचा नाई," मैनाबाई म्हणाली. "तिच्यात बी उतरन."

गुरांसाठी सूर्यकवेलूंची मागणी कोणीच नोंदवली नव्हती, त्यामुळे गोठ्याचे जुने छप्पर तसेच राहिले होते. म्हणजे त्या घरात डोक्यावर पक्के छप्पर उरले ते केवळ घराच्या अंधाराला. मुलगी कुंपणापर्यंत आली की आजी तिला ओढून नेई. रचनाचे जेवण उंबऱ्यापलीकडून सरकवले जाई.

आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या समीक्षा मेश्राम तिच्या हाताला मलम लावायला गोठ्यात गेल्या. जखम पुसताना त्यांनी सहज विचारले, "पुरुषांच्या हातावर फक्त पानी घालत होते?"

"खारट होतं म्हने. ह्यायनं चाटून पाह्यलं होतं."

"खारट?" समीक्षाबाईंनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. त्याच संध्याकाळी त्या बालाघाटच्या बाजारातून तसल्याच एका बल्बचे खोके घेऊन माझ्या घरी आल्या आणि माझ्या बायकोकडे एक वांगे मागितले. ते कापून त्यांनी बल्बचा तळ त्यावर टेकवला. वांगे पेटले, म्हणजे बल्ब पेटला, पण त्या क्षणी मला वांगेच तेजस्वी वाटले, हे मान्य केले पाहिजे.

"आता या वांग्याची दीक्षा घ्या, सर," त्या म्हणाल्या.

सूर्यकवेलूंची पहिली खेप आली त्या दिवशी मैदान पुन्हा भरले. गजेंद्रने मैनाबाईच्या वाट्याची निळी चळत तिच्यासमोर मांडली. महाराजांनी आशीर्वादासाठी हात उचलला, तेवढ्यात समीक्षाबाई पुढे आल्या.

"बाबा, मले बी बुकिंग कराचं हाय. पन अगोदर तुमची परीक्षा."

"माझी? हा हात साक्षात..."

"तं मंग भीती कशाची? तुमचंच भस्म, तुमचाच हात." त्यांनी महाराजांचे तळहात आपल्या ओढणीने कोरडे पुसले, त्यांवर भस्म खसखसून चोळले आणि बल्ब टेकवला.

तो पेटला नाही.

"अंधार हाय का वो बाबा तुमच्यात?" गर्दीतून कोणीतरी ओरडले, आणि मैदान हसले. समीक्षाबाईंनी पायातली चप्पल काढली, तिच्यावर तीर्थ शिंपडले, बल्ब टेकवला. चप्पल उजळली.

"या, दर्शन घ्या," त्या म्हणाल्या. "बुकिंग चालू हाय."

मग त्यांनी समजावून सांगितले. हा बल्ब बाजारात उघड विकला जातो, वीज गेल्यावर वापरण्यासाठी. त्याच्या पोटात लहानशी बॅटरी असते. तळाच्या दोन टोकांमध्ये ओलाव्याने थोडाही मार्ग जुळला की तो पेटतो. मिठाचे पाणी तो मार्ग देते, मग ते हातावर असो, चपलेवर असो की कवेलूवर. कोरडी राख आणि जाड कातडी तो तोडतात. बल्ब पुण्य मोजत नाही, घाम मोजतो. आणि खाणीचा दगड निवडणाऱ्या हाताची जाड कातडी झेरॉक्सच्या दुकानातल्या हाताइतकी ओली नसते.

त्यांनी रचनाला बोलावले. जखमेवर मिठाचे पाणी झोंबले, पण तिने हात मागे घेतला नाही. बल्ब पेटला.

समीक्षाबाईंनी मैनाबाईच्या चळतीतले वरचे कवेलू उचलले आणि रॉकेलच्या बोळ्याने घासले. निळा रंग सुटला. खालून भाजलेली लाल माती निघाली, पोटाच्या बाजूला चुलीची वर्षानुवर्षांची काजळी, आणि पाठीवर कुत्र्याच्या पंजाचा ठसा. कच्चे कवेलू वाळत असताना कधीकाळी कोणते तरी कुत्रे त्यावरून चालून गेले असावे.

मैनाबाईने ते पाहिले आणि घाईने पदराखाली ओढले. पण रीना ओरडली, "आजी, हे तं आपलं हाय! दारावरचं! मोत्याचा पाय!" दारावरच्या त्या ठशाला त्यांच्या घरात 'मोत्याचा पाय' म्हणत.

वैनगंगेत बुडालेली छपरे निळी होऊन परत आली होती. लोकांनी आपलीच घरे मागणी नोंदवून विकत घेतली होती.

त्यानंतर जे झाले ते शोभेचे नव्हते. काल पाय धरणाऱ्यांनीच महाराजांचा गळा धरला. पोलीस येईपर्यंत आम्ही चौघांनी त्यांना शाळेच्या खोलीत कोंडून वाचवले. आत ढकलले जाताना दाराशी थांबून, फुटलेल्या ओठांनी, महाराज मारायला धावलेल्या महेंद्रला म्हणाले, "मले काहून मारून राह्यला बे? मी अंधार म्हनलो. बायको गोठ्यात तू टाकली. मनगट तू धरलं."

त्या माणसाच्या तोंडून आमच्या वस्तीत निघालेले हे एकमेव सत्य वाक्य. त्यानंतर महेंद्रचा हात खाली आला.

दिवस मावळताना गारांचा पाऊस आला. ताडपत्र्या फाटल्या. मैनाबाई नातीला पदराखाली घेऊन गोठ्याच्या दाराशी आली. मागे भिजलेली गोधडी घेऊन महेंद्र. मी आणि समीक्षाबाई आत रचनाची पट्टी बदलत होतो.

रीना आजीच्या पदराखालून निसटली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली. मैनाबाई उंबऱ्यावर थांबली. "पोरी, आत येऊ दे वो. थंडी लय हाय."

रचनाने समीक्षाबाईंच्या पिशवीतला बल्ब उचलला. "आत्याबाई, हात पुसा."

"काहून?"

"पुसा. कोरडे पुसा."

म्हातारीने हात गोठ्यातल्या कोरड्या गोणपाटाला पुसले. रचनाने तिच्या सुरकुतलेल्या तळहातावर बल्ब टेकवला. तो पेटला नाही. बाहेर गारा वाजत होत्या. मैनाबाईच्या चेहऱ्यावर जी भीती उतरली, ती तिने आपल्या सुनेच्या चेहऱ्यावर अनेक दिवस पाहिली होती आणि पाहून न पाहिल्यासारखे केले होते.

"नाई पेटला," रचना म्हणाली. "तरी या. बल्ब हाय तो."

मैनाबाई आत आली आणि भिंतीशी बसली. महेंद्रने पाय उचलला, तेव्हा रचनाने त्याच्या हातात बल्ब दिला आणि दाराची फळी लावून घेतली.

"तुमच्या हातात तं पेटते न," ती आतून म्हणाली. "तुमाले उजेडाची काय कमी?"

वाचकहो, बल्बची युक्ती लक्षात ठेवा, पण तेवढीच ठेवू नका. उद्याच्या महाराजाकडे दुसरी युक्ती असेल. रचनाचा बल्ब मैदानात पेटला म्हणून ती निर्दोष ठरली, असे जो समजतो, तो अजून महाराजांच्याच रांगेत उभा आहे. तो कधीच पेटला नसता तरी ती तेवढीच निर्दोष होती. चमत्कार समोर आला की हात जोडण्याआधी एवढेच विचारा: यांना पाणी आणि मला राख का? हा प्रश्न आमच्या वस्तीत रचनाच्या अंगणातच विचारला गेला होता. वस्तीने उत्तर शोधले नाही. विचारणारीच्या तळहातावर कापूर ठेवला.