चिंचेवरचा नववा सेन्सर

इंद्रभानकाकांचा सोनाळ्याहून फोन आला. "पोरी, मोटर आपोआप चालू होऊन राह्यली. बंद केली तं पुन्हा चालू! बगिच्याचा पार चिखल झाला वं."

महामायानं तशीच गाडी काढली. संत्र्याच्या त्या बगिच्यात बारा सेन्सर तिनंच रोवले होते. माती कोरडी पडली की सेन्सर मोटरीला बिनतारी निरोप धाडायचा. पाणी जास्त झालं तर झाडाला डिंक्या रोग लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

मोबाईलवर अकरा सेन्सर माती ओली असल्याचं सांगत होते. नवव्याचा मात्र एकच धोशा: कोरडी, कोरडी! ती आणि काका-काकू जागेवर जाऊन पाहतात तर नुसतं भोक.

"थे पाहा, चिंचीवर!" रुख्मिणीकाकू ओरडल्या.

शेंड्यावर एक वांदर सेन्सर पोटाशी धरून बसलं होतं. त्याची मातीत खुपसायची सळई हवेत लोंबत होती. तिला ओल लागणार कुठून?

"मोटर त्याचं काऊन ऐकते?" काकांनी विचारलं.

"सगळ्या सेन्सरजवळ एकच गुपित किल्ली आहे, काका, परवलीच्या शब्दासारखी. ती ज्याच्याजवळ, त्याचं मोटर ऐकते. आता ती किल्लीच बदलते."

"मंग नवी किल्ली धाडशीन, थे त्याले बी ऐकू येईन नं?"

महामाया खूश झाली. नेमका प्रश्न! "म्हणून तर प्रत्येकाला आणखी एक किल्ली दिलीय, फक्त त्याची आणि माझी. नवी किल्ली अकरा डब्यांत कुलूप लावून धाडते. ज्याचा डबा त्यालाच उघडेल. नवव्याच्या नावाचा डबाच नाही."

बोलायला सोपं होतं. घरी टेबलावर तिनं हे करून पाहिलं होतं, शेतात कधीच नाही. तिनं बटण दाबलं. एकेक होकार येऊ लागला. विहिरीमागचा सातवा काही बोलेना. चिखल तुडवत ती त्याच्याजवळ गेली, मोबाईल उंच धरला, पुन्हा डबा धाडला. आला होकार! मग तिनं मोटरीलाही नवी किल्ली दिली.

काकांनी मोटर बंद केली आणि चिंचेखाली येऊन तिघंही कानोसा घेऊ लागले. चिंचेवरून नववा ओरडतच होता. मोटर ढिम्म.

"बोंबल आता!" काकू टाळ्या पिटत हसल्या. त्या आवाजानं वांदर दचकलं आणि सेन्सर टाकून पळालं. काकांनी धोतराचा सोगा पसरून तो वरच्यावर झेलला.

"घे याले पंगतीत."

"आधी दोन्ही किल्ल्या नव्या, मगच पंगत. बाहेर राहून आलेल्याचा काय भरवसा?"

"वांदराले किल्ली सांगतली असंन का यानं?" काकांनी विचारलं.

यावर महामायाला जे हसू फुटलं, ते आवरेचना. काकूंनी मात्र सेन्सर पदरानं पुसला, त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, "ये बापा, घरात ये." हसत हसतच महामाया त्याच्या नव्या किल्ल्या बनवायला बांधावर बसली.