पात्यावरचं झाकण

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात बोट गेलं की माणसाचा भाव वाढतो. गंमत नाही, खरंच. मुकादमाचं अर्धं बोट मशीनने खाल्लंय, म्हणून त्याला सगळे साडेनऊ म्हणतात आणि तो ते बिरुदासारखं मिरवतो. चहाचा ग्लाससुद्धा ते थोटूक दिसेल असाच धरतो. हात आत जाऊ नये म्हणून करवत मशीनच्या पात्यावर झाकण असतं, ते हे मर्द काढून ठेवतात. झाकण लावून काम बायकांनी करायचं म्हणे. बायकांना मात्र मशीनला हात लावू देत नाहीत. मी तिथे पॉलिश करते.

माझा नवरा तेवढा झाकण लावून काम करायचा. त्याच्याइतकी सरळ फळी कुणी कापत नसे, तरी त्याला सगळे ‘वहिनी’ म्हणायचे. “वहिनी, चहा घेता ना?” रोज तेच, आणि रोज तसंच खिदळणं. यांच्या डोक्यात एका वेळी एकच विनोद मावतो. मला मात्र नवऱ्याचा अभिमान होता. शहाणा माणूस पदरात पडला, असं मी माहेरी सांगत फिरायचे.

परवा जेवणाच्या सुट्टीनंतर साडेनऊने माझा पॉलिशचा अ‍ॅप्रन उचलला आणि मागून येऊन नवऱ्याच्या कमरेला बांधला.

“बघा रे, कशी शोभून दिसतात वहिनी!”

सगळे पोट धरून हसले. नवराही आधी कसनुसा हसला, मग त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याने अ‍ॅप्रन फेकून दिला, पाना घेतला आणि झाकण उतरवायला लागला.

“अहो, काय करताय हे?”

“तू गप्प बस!”

तमाशा बघायला सगळे गोळा झाले. कुणीतरी शिट्टी मारली. नवऱ्याने एक जाड फळी घेतली आणि मशीनवर रेटली. मी उभी होते तिथून मला फळीतली गाठ दिसत होती. त्यालाही दिसली असती, पण त्याचं लक्ष साडेनऊकडे होतं. पातं गाठीत अडकलं की फळी उसळते आणि हात सरळ पात्यावर जातो. साडेनऊचं बोट तसंच गेलं होतं. मी धावले आणि मेन स्विच खाली ओढला.

पातं घरघरत मंदावलं आणि गाठीत रुतून थांबलं. नवऱ्याचा अंगठा पात्याच्या अगदी जवळ होता.

मग साडेनऊ ओरडला, “वहिनीला बायकोने वाचवलं रे!”

पुन्हा हशा पिकला. नवरा माझ्याकडे आला. त्याला आधार हवा असेल, म्हणून मी हात पुढे केला. त्याने माझ्या कानाखाली वाजवली.

हसणं थांबलं. साडेनऊने पुढे होऊन नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, स्वतःचा चहा त्याच्या हातात दिला. “आज शोभलास गड्या! ये, बस.”

आणि तो बसला. त्यांच्यात बसून त्या माणसाचा उष्टा चहा प्यायला.

घरी आल्यावर ओलं फडकं घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. “सगळ्यांसमोर तू मध्ये पडायला नको होतंस. मी तरी काय करणार?” मग चक्क हसून म्हणाला, “पण एक झालं. आता कुणी वहिनी म्हणणार नाही.”

“ते बिनडोक आहेत,” मी म्हणाले. “त्यांना कळत नाही. तुला कळत होतं.”

गालाला फडकं लावायला त्याने हात पुढे केला. एकही बोट गेलेलं नव्हतं, साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. मी भिंतीपर्यंत मागे सरकले. त्यातलं एकही बोट मला अंगाला लागायला नको होतं.