कोंब फुटलेलं रताळं

माझ्या टोकाला जांभळा कोंब फुटला आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याखालची साल सुरकुतू लागली आहे. मित्रांनो, मी नशिराबादच्या एका स्वयंपाकघरातलं जुनं रताळं आहे. कोंब खुडला, तर अजून खाण्याजोगं आहे.

वाघूर नदीकाठच्या भुसभुशीत मातीत मी वाढलं. वेलाच्या पानांनी केलेली साखर पिष्टाच्या रूपात साठवली, तंतू धरले, पोटॅशियम घेतलं. डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं, ते द्रव्य केशरी गराच्या भावंडांत भरपूर असतं. माझा गर पांढरा. उगाच बढाई मारणार नाही.

या घरात आम्हाला मान फक्त एकादशीला. इंदिराबाई आमचे काप तुपात तळून गुळाच्या पाकात सोडतात. त्यांना मधुमेह आहे. उपाशीपोटी गोळी, मग संध्याकाळी ताटभर पाक. मागच्या एकादशीला त्या चक्कर येऊन पडल्या. तेव्हा पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरत नाही. अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा नवल लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा त्यांनी हा उपास धरला होता. सोडला तर त्याचं काही बरंवाईट होईल, ही भीती.

आज पुन्हा एकादशी. सून ऋतिकाने मला उचललं.

“आई, हे सालासकट उकडते. थोडं पाणी, वर झाकण, सुरी अलगद गेली की झालं. दोन फोडी दह्यासोबत खा. पण गोळीआधी भाकरी जेवा.”

“उपासाचं कधी कोनाले बाधलं का? गूळ काढ.”

“गूळ शेजारी देऊन टाकला.”

“मंग मले बी देऊन टाक शेजारी!”

ऋतिकाची बोटं माझ्याभोवती आवळली. मला ओरडावंसं वाटलं. मित्रांनो, आम्हाला उपासापुरतं आठवू नका. पाकात बुडवू नका. आणि ज्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांना उपाशी ठेवून आमच्या भरवशावर सोडू नका. पण माझं कोण ऐकणार?

दारात नवल उभा होता. तो खाली बसला, आईचा पट्टी बांधलेला पाय त्याने मांडीवर घेतला.

“माझ्यासाठीच धरला ना उपास? मंग माझ्यासाठीच सोड.”

इंदिराबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी हातातलं गोळीचं पाकीट खाली ठेवलं.

“ऋतिका, भाकर टाक. गोळी मंग घेते. आजपासून माही एकादशी सुटली.”