दोन पट्टे आणि एक पांढरे फूल

केतकीचे मूळ. दगडाचे ठोके. फोनमध्ये मावलेली भिंत. काचबिंदू. पाट.

मित्रांनो, या सगळ्यांच्या मधे मी आहे. मी एक जुना कुंचला आहे. मालवणजवळच्या या घरात दाजींनी केतकीचे मूळ ठेचून त्याचे केस सुटे केले, तो माझा जन्म. दर चतुर्थीआधी गणपतीमागच्या भिंतीला मी चुना लावायचो आणि लोक म्हणायचे, "दाजींचो हात बरो." कौतुक हाताचे व्हायचे, भिजायचो मी. मग डब्यातले रंग आले, रोलर आला. मला पडवीच्या वाशात खोचून ठेवले.

यंदा दाजींच्या सुनेने, दीपिकाने, मला खाली काढले. सायीचा रंग की गडद निळा, हे ठरवण्यासाठी तिने माझ्याकडून भिंतीवर दोन पट्टे ओढून घेतले. तिच्या नवऱ्याने, मंगेशने, मुंबईत फोटो पाहून कळवले, "सायीचा. खोली मोठी दिसेल."

दाजींची नजर काचबिंदूने चालली होती. गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. निदान यंदाचा गणपती डोळे भरून दिसावा, एवढेच त्यांना हवे होते.

"बाबांनू, खंयचो बरो?" दीपिकाने विचारले.

"दोनय बरे."

"तेंका काय इचारतंस गो?" दाजींची बायको सुगंधा म्हणाली. "लग्नात माका सोडून माज्या भयनीक हार घालूक गेल्ले."

"तेवा डोळे बरे होते," दाजी म्हणाले.

दीपिका हसली. मग तिच्या लक्षात आले, आपण उभ्याने विचारतो आहोत; पूजा तर दाजी बसून करतात. तिने दाजींना पाटावर बसवले. आमचा गणपती शाडूचा, फिकट अंगाचा. म्हणून तिने अनंताचे पांढरे फूल तेवढ्याच उंचीवर, सायीच्या पट्ट्यासमोर धरले.

"धर मगे," दाजी म्हणाले.

"धरलंय, बाबांनू."

तिने हात निळ्याकडे सरकवला.

"हां. दिसला. एक पाकळी दुमडलेली आसा."

संध्याकाळी हे ऐकून मंगेशनेच रंगाच्या दुकानात फोन करून निळा मागवला. रोलर होता, तरी दाजींनी मला मागितले. मित्रांनो, त्या हाताचा आणि त्या सुनेचा मी ऋणी आहे. रंग निवडाल तेव्हा ज्याला तो बघायचा आहे, त्याच्या जागेवर एकदा बसून पाहा. आणि काम झाले की आम्हांला धुऊन ठेवा. वाळलेल्या रंगाने आमचे केस तुटतात.

पट्टे ओढले त्याच्या आदल्या दिवशी दाजींनी मंगेशला फोन करून सांगितले होते की यंदाची पूजा तू कर, मला आता मूर्ती नीट दिसत नाही.